कॉन्टूर कट सरकतोय? ऑफसेटला हात लावण्याआधी हे तपासा

प्रिंट केलेल्या व्हिनायलचं कॉन्टूर कटिंग, म्हणजे छापलेल्या चित्राच्या कडेने स्टिकर कापणं, बिघडलं की बहुतेक दुकानांत एकच उपाय होतो: प्लॉटरच्या (कापणाऱ्या मशीनच्या) मेनूत जायचं आणि ऑफसेटचे, म्हणजे सेन्सर आणि ब्लेडमधल्या अंतराचे, आकडे बदलायचे. आजचं काम कसंबसं निघतं. उद्याच्या रोलला कट उलट्या बाजूला सरकतो, मग पुन्हा आकडे. आठवडाभरात मशीनचे मूळ आकडे काय होते हेच कुणाला सांगता येत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कट सरकण्याचं कारण बहुतेक वेळा प्लॉटरवर माल चढण्याच्या आधीच तयार झालेलं असतं: फाइलमध्ये, प्रिंटमध्ये, वाळवण्यात किंवा लॅमिनेशनमध्ये. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. ऑफसेट मुद्दाम शेवटी ठेवलाय.

उदाहरणाला सोलापुरातलं रोजचं काम धरू: शेंगा चटणीच्या बरणीचं ७० मिमी व्यासाचं गोल लेबल, भोवती २ मिमीची लाल कड. कड असलेल्या गोल लेबलात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही लपत नाही. एका बाजूला कड जाड आणि समोरच्या बाजूला बारीक दिसते. जानेवारीत गड्डा यात्रेच्या तोंडावर असली लेबलं घाईने निघतात आणि माल वाया जातो तो याच घाईत.

## टप्पा १: चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा

पहिला प्रश्न एकच. प्लॉटर मार्क (सेन्सरला जागा कळावी म्हणून शीटवर छापलेल्या काळ्या खुणा) वाचतच नाही, की वाचतो पण कट सरकतो? ही दोन वेगळी दुखणी आहेत. मार्कच सापडत नसेल तर ऑफसेटचा काही संबंध नाही. टप्पा २, ३, ५ आणि ७ नीट वाचा.

मार्क वाचूनही कट सरकत असेल तर एक चाचणी शीट काढा. चार कोपऱ्यांत चार लेबलं, मधोमध एक. प्रिंट करून कापा, पण सोलू नका. भिंग आणि स्टीलची पट्टी घेऊन प्रत्येक लेबलाशेजारी पेनने लिहा: कट कोणत्या दिशेला सरकलाय आणि किती. आता ते पाच बाण एकत्र बघा.

- पाचही ठिकाणी सारखाच फरक, एकाच दिशेला: सेन्सर आणि ब्लेड यांच्यामधलं अंतर मशीनला चुकीचं माहीत आहे. खऱ्या ऑफसेटची चूक ही एवढीच.
- सुरुवातीला बरोबर, पुढे फरक वाढत जातो: मापाची गडबड. फाइल किंवा रिपमध्ये (फाइल प्रिंटरसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्केल बदललंय, किंवा प्लॉटर सगळे मार्क वाचत नाहीये.
- डावीकडे कट वर, उजवीकडे खाली: शीट तिरकी आहे आणि तिरकेपणा दुरुस्त करायला पुरेसे मार्क वाचले गेलेले नाहीत.
- चारही कोपरे बरोबर, मधलं चुकलेलं: माल मधेच ताणला गेलाय. उष्णता किंवा लॅमिनेशन.
- दर शीटला वेगळाच निकाल: माल घसरतोय, किंवा ब्लेड होल्डर नाहीतर सेन्सर सैल आहे.

आणखी एक प्रकार लोक रजिस्ट्रेशनच्या (प्रिंट आणि कट जुळण्याच्या) खात्यात टाकतात. गोल पूर्ण बंद होत नाही, चौकोनाचे कोपरे गोलसर निघतात किंवा कोपऱ्याला शिंग फुटतं. याचा मार्कशी संबंध नाही, हा ब्लेडचा स्वतःचा ऑफसेट आहे, म्हणजे ब्लेडचं टोक त्याच्या मध्यापासून जेवढं बाजूला असतं ते अंतर. व्हिनायलच्या नेहमीच्या ब्लेडला तो साधारण ०.२५ मिमी लागतो. तो आधी दुरुस्त करा, नाहीतर बाकीची मापंही फसवी येतील.

वरच्या यादीतला चौथा प्रकार (कोपरे बरोबर, मधलं चुकलेलं) नीट समजून घ्या, कारण त्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. प्लॉटर चार मार्कांमधलं अंतर मोजतो आणि कटिंगचं चित्र त्या मापाला जुळवून घेतो. माल सगळीकडे सारखा ताणला असेल किंवा आकसला असेल, तर तो फरक यात आपोआप भरून निघतो. पण मध्यभागी वेगळा आणि कडेला वेगळा ताण असेल तर मशीनला ते कळायला मार्गच नाही. तिथे कितीही आकडे बदला, एक कोपरा सुधारेल आणि दुसरा बिघडेल.

## टप्पा २: फाइल आणि मार्क

मार्क तुमच्याच प्लॉटरच्या सॉफ्टवेअरने किंवा रिपने टाकलेले हवेत. रोलँड कंपनीचं मशीन गोल ठिपके शोधतं, ग्राफटेकचं इंग्रजी एल आकाराचे कोन, सुमाचं भरीव चौकोन. दुसऱ्या दुकानातून आलेल्या फाइलवर त्यांच्या मशीनचे मार्क असतील तर ते काढून आपले टाका. कोरलमध्ये हाताने काढलेला किंवा जुन्या फाइलमधून कॉपी करून आणलेला मार्क दिसायला तसाच असला, तरी मापात आणि जागेत थोडा चुकलेला असतो. तेवढी चूक पुरते.

मार्कचा रंग निव्वळ काळा, म्हणजे के (काळी शाई) १०० टक्के आणि बाकी तिन्ही रंग शून्य. मार्क वाचणारा सेन्सर प्रकाश टाकतो आणि परत येणारा प्रकाश मोजतो. काळ्या शाईत कार्बन असतो, तो प्रकाश गिळतो. निळा, गुलाबी, पिवळा मिसळून झालेला काळा आपल्या डोळ्यांना दाट दिसतो, सेन्सरला तो फिका दिसू शकतो. शिवाय हेड अलाइनमेंट (शाई सोडणाऱ्या हेडची जुळणी) जरा हललेलं असेल तर चार रंगांच्या कडा चार जागी पडतात आणि मार्कची नेमकी कड कुठली हे मशीनला कळत नाही.

इथे एक पेच आहे. फाइलमध्ये के १०० दिलं तरी रिपचं कलर प्रोफाइल त्याचं चार रंगांत मिश्रण करू शकतं. रिपमध्ये शुद्ध काळा तसाच ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. मार्क रिपलाच टाकू देणं त्याहून बरं.

मार्कभोवती जागा मोकळी हवी. मार्कच्या शेजारी फोन नंबर, रंगपट्टी, फाइलचं नाव असलं की सेन्सर त्यालाच मार्क समजतो. मालाची बचत म्हणून डिझाइन मार्कला खेटून बसवू नका. किती जागा हवी ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यात काटछाट करून वाचलेलं व्हिनायल एका फसलेल्या शीटमध्ये निघून जातं.

कटची रेषा व्हेक्टर हवी आणि तिच्या स्पॉट कलरचं (कटरेषा ओळखायला दिलेल्या खास रंगाचं) नाव रिपला लागतं ते अक्षरन् अक्षर, कॅपिटल-स्मॉलसकट. रंग कटच्या बाहेर २ ते ३ मिमी वाढवा. हे ब्लीड सरकलेला कट दुरुस्त करत नाही, पण पाव मिलिमीटरच्या फरकाने पांढरी कड उघडी पडण्यापासून वाचवतं. आणि गिऱ्हाईक ऐकत असेल तर लेबलाला कटलगतची बारीक कड देऊच नका. कड ५ मिमी आत घ्या किंवा पार्श्वभूमी एकसलग ठेवा. पुढची निम्मी डोकेदुखी डिझाइनमध्येच मिटते.

सावध: प्रिंटसाठी जेपीजी वेगळी आणि कटसाठी कोरलची फाइल वेगळी, ही पद्धत सोडा. जेपीजी व्हॉट्सॲपवरून फिरून आली की तिचं रिझोल्यूशन बदलतं आणि १ मीटरची शीट रिपमध्ये भलत्याच मापाने उघडते. मग ऑपरेटर 'रुंदीला बसव' दाबतो आणि तिथेच कट गेला. प्रिंट, मार्क आणि कट एकाच पीडीएफमधून, १०० टक्के मापाने.

## टप्पा ३: प्रिंट

नोझल चेक आणि हेड अलाइनमेंट करूनच मोठं काम सोडा. मार्क छापून आला की तो भिंगाखाली धरा. कड एकसलग काळी आणि सरळ दिसली पाहिजे. कडेला गुलाबी किंवा निळी सावली दिसली तर काळा मिश्र आहे किंवा अलाइनमेंट गेलंय. मार्कच्या अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या तर नोझल बंद आहे. कडेबाहेर काळे शिंतोडे असतील तर हेड मालापासून जास्त उंच आहे, नाहीतर स्वच्छ करायला झालंय. एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो आणि 'मार्क सापडत नाही' या तक्रारींचा मोठा भाग इथेच उलगडतो.

शीट कापून घेताना शेवटच्या मार्कनंतर निदान चार बोटं माल सोडा. पुष्कळ ठिकाणी मार्कलगत कात्री चालवतात. मग पिंच रोलरला (माल वरून दाबून धरणाऱ्या चाकांना) शेवटी धरायला काही उरत नाही आणि शेवटच्या ओळीतली लेबलं सरकतात.

तपासा: पट्टीने उभ्या आणि आडव्या मार्कांमधलं अंतर मोजा, दोन्ही कर्ण मोजा आणि आकडे शीटच्या मागे लिहा. कर्ण सारखे नसतील तर प्रिंटरमध्येच माल तिरका चाललाय. मागे लिहिलेले आकडे टप्पा ५ मध्ये लागणार आहेत.

## टप्पा ४: वाळवणं

सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट प्रिंट हाताला कोरडं लागतं म्हणून वाळलेलं नसतं. सॉल्व्हंट व्हिनायलच्या आत मुरतो, माल मऊ पडतो आणि गोंदही सैल होतो. असा माल कापला की कटच्या कडा उचलतात, लेबल आकसतं, आणि ऑपरेटरला वाटतं कट आत सरकलाय. निदान २४ तास द्या. गडद रंग भरलेल्या शीटला जास्त. यूव्ही आणि लेटेक्स शाईला ही वाट बघावी लागत नाही.

वाळताना रोल घट्ट गुंडाळून ठेवू नका. सैल करून उभा ठेवा, म्हणजे थरांमधून हवा खेळते.

सावध: लवकर वाळावं म्हणून शीट उन्हात टाकू नका. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वाईट. आपल्याकडे जास्त करून वापरलं जातं ते स्वस्त मोनोमेरिक व्हिनायल, आणि उष्णतेने आकसण्यात तेच पुढे असतं. आकसतं तेही एकसारखं नाही. ऊन लागलेली बाजू जास्त, सावलीतली कमी. म्हणजे कोपरे बरोबर आणि मधलं चुकलेलं, टप्पा १ मधला तो चौथा प्रकार. दुपारी टेम्पोतून आलेला रोलही लगेच मशीनवर चढवू नका. खोलीत पडू द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

## टप्पा ५: लॅमिनेशन

लॅमिनेशन दोन प्रकारे त्रास देतं.

पहिला त्रास चमकेचा. ग्लॉसी फिल्मवरून सेन्सरचा प्रकाश उलटून येतो आणि काळा मार्कही उजळ वाटतो. मशीन एक मार्क वाचतं, दुसऱ्यावर अडकतं. उपाय सोपा आहे: स्टेशनरीच्या दुकानात मॅट फिनिशची पारदर्शक चिकटपट्टी मिळते, तिचा तुकडा प्रत्येक मार्कवर बिनसुरकुतीचा लावा. नेहमीची चकचकीत सेलोटेप नको, तिने चमक आणखी वाढते. रोजचंच काम असेल तर गिऱ्हाइकाला मॅट लॅमिनेशन सुचवा. मार्कवर हवेचा फुगा किंवा रुपेरी झाक राहिली असेल तर ती आधी स्क्वीजीने दाबून काढा.

दुसरा त्रास ताणाचा, आणि तो जास्त नुकसान करतो. फिल्मच्या रोलचा ब्रेक जास्त आवळलेला असला की फिल्म ताणून बसते, नंतर मूळ मापाला यायला बघते आणि खालचं व्हिनायलही ओढते. शीट वरच्या बाजूला वळायला लागली की ओळखा. ब्रेक एवढाच ठेवा की फिल्म सुरकुतीशिवाय बसेल, त्याहून जास्त नाही. दोन्ही बाजूंच्या रोलरचा दाब सारखा हवा. लॅमिनेशन झाल्यावर शीट काही तास सपाट पडू द्या, मगच प्लॉटरवर घ्या.

तपासा: टप्पा ३ मध्ये शीटमागे लिहिलेली मापं आता पुन्हा घ्या. सगळ्या दिशांना थोडा सारखा फरक आला तर घाबरू नका, मशीन जुळवून घेईल. पण डावी बाजू तशीच आणि उजवी वाढलेली, किंवा एक कर्ण बदललेला असेल, तर कारण लॅमिनेटरमध्ये आहे. प्लॉटरचा मेनू उघडूच नका.

## टप्पा ६: माल चढवणं

पिंच रोलर खालच्या खरखरीत ग्रिट रोलरच्या बरोबर वर असले पाहिजेत आणि मार्कवरून जाता कामा नयेत. दाब दोन्ही कडांना सारखा. रोलरचं रबर झिजून चकचकीत झालं असेल तर ते बदला. घसरणाऱ्या मालाला कुठलंच सेटिंग वाचवत नाही.

मागून येणाऱ्या मालाला झोळ हवा. रोल प्लॉटरच्या मागे ताठ ओढला जात असेल तर प्रत्येक खेचेला माल थोडा घसरतो. आधी पुरेसा माल सोडून घ्या. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, नाहीतर धूळ गोंदाच्या कडेला चिकटून वर येते. आणि छताचा पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने लोंबणारी शीट फडफडते आणि लांब शीटला तेवढं पुरतं.

ब्लेड जास्त बाहेर काढलेलं असलं तरी कट सरकतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. ब्लेड बॅकिंग पेपरमध्ये रुतून मालाला ओढतं. हाफ कटला (फक्त व्हिनायल कापायचं, मागचा कागद नाही) लेबल सोलल्यावर बॅकिंगवर फक्त पुसट रेघ दिसली पाहिजे. लॅमिनेशन केलेल्या मालावर दाब वाढवावा लागतो, तो लॅमिनेशन केलेल्याच तुकड्यावर चाचणी कट घेऊन ठरवा.

तपासा: कापण्याआधी माल पूर्ण लांबीइतका पुढे नेऊन मागे आणा. कड रोलरपासून तितक्याच अंतरावर राहिली पाहिजे. बोटभर सरकली असेल तर काढून पुन्हा चढवा.

## टप्पा ७: सेन्सर

सेन्सरच्या काचेवर धूळ आणि व्हिनायलचा कचरा बसतो. प्लॉटर बंद करून इयरबडने हलक्या हाताने पुसा. दुकानाचं शटर पूर्वेला किंवा पश्चिमेला उघडत असेल तर उन्हाची तिरीप प्लॉटरवर येते का बघा. सकाळी मार्क वाचतो आणि संध्याकाळी वाचत नाही, असं होत असेल तर हेच कारण. पडदा लावा किंवा प्लॉटरचं तोंड फिरवा.

मशीनमध्ये सेन्सरची पातळी ठरवण्याची सोय असेल तर ती ज्या मालावर काम करायचंय त्याच मालावर करा: एकदा मोकळ्या पांढऱ्या जागेवर, एकदा काळ्या मार्कवर. कोऱ्या कागदावर ठरवलेली पातळी लॅमिनेशनच्या मालाला चालेलच असं नाही. पारदर्शक व्हिनायलचं बॅकिंगही पारदर्शक असेल, किंवा माल चांदीसारखा चकाकणारा असेल, तर सेन्सरला मागे पांढरं काही मिळतच नाही. प्रिंटरला पांढरी शाई असेल तर मार्कखाली पांढरा चौकोन छापा. नसेल तर बऱ्याच प्लॉटरवर पॉइंटर हाताने प्रत्येक मार्कवर नेता येतो, तो मार्ग घ्या.

## टप्पा ८: आता ऑफसेट

इथवर सगळं ठीक आहे आणि पाचही लेबलांवर फरक सारखाच, एकाच दिशेला आहे, तरच हा टप्पा करा.

१. सध्याचे आकडे वहीत लिहा, तारखेसह.
२. मॅट पांढऱ्या, लॅमिनेशन नसलेल्या मालावर मशीनचं स्वतःचं चाचणी चित्र छापा आणि कापा.
३. भिंगाखाली फरक मोजा. आधी एकाच अक्षाचा आकडा बदला, पुन्हा कापा. फरक दुप्पट झाला तर चिन्ह उलटं पडलंय.
४. मग दुसरा अक्ष.
५. तीन शीट ओळीने बरोबर आल्या की आकडे प्लॉटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

यापुढे ते आकडे कामागणिक बदलायचे नाहीत. ब्लेड होल्डर बदलला, सेन्सर काढून बसवला किंवा मशीन हलवलं, तरच पुन्हा हा टप्पा.

## टप्पा ९: लांब कामं आणि वीज

शीट मीटरभराच्या वर गेली की फक्त चार कोपऱ्यांच्या मार्कांवर विसंबू नका. बहुतेक मशीनमध्ये मधले मार्क टाकून काम भागांत कापण्याची सोय आहे. मशीन प्रत्येक भागाचे मार्क नव्याने वाचतं, त्यामुळे एका भागातली चूक पुढच्या भागात जात नाही. वेळ थोडा जास्त जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या पॅकिंगसाठी शेकडो लेबलांची एक लांब शीट लावायची असेल तर तो वेळ द्यायलाच हवा.

कापण्याचा क्रमही बघा. माल सारखा पुढेमागे पळवणारा क्रम घसरण वाढवतो. जवळजवळची लेबलं आधी कापणारा पर्याय निवडा. हाफ कट आणि आरपार कट दोन्ही असतील तर हाफ कट आधी, आरपार शेवटी. आरपार कापलेली शीट ढिली पडते आणि त्यानंतरचा कुठलाही कट भरवशाचा नसतो.

काम चालू असताना वीज गेली तर ब्लेड थांबलं तिथूनच पुढे सुरू करू नका. मशीन चालू झालं की त्याची मूळ जागा बदललेली असते. माल काढा, पुन्हा सरळ चढवा, मार्क नव्याने वाचून घ्या आणि कापून झालेली लेबलं फाइलमधून वगळून उरलेली पाठवा. मार्क असलेल्या कडेच्या पट्ट्या माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत शीटला तशाच राहू द्या. त्या कापून टाकल्या की ती शीट पुन्हा मशीनवर घेता येत नाही.